बाबांचे काठ आणि कोऱ्या सीडी

लग्न होऊन नागपूरला हुडकेश्वरच्या घरी आले तेव्हा सासऱ्यांशी काय बोलावं हे मला कळत नसे. ते रागीट होते असं मुळीच नाही. फक्त कमी बोलायचे. सकाळी पेपर, मग चहा, आणि चहाचा कप धुऊन ठेवला की पुढच्या खोलीत कंप्युटरसमोर. त्या काळी आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, कंप्युटर असलेली घरं थोडीच, आणि जिथे होता तिथे तो मुलांच्या शिक्षणासाठी म्हणून घेतलेला असायचा. आमच्याकडे तो एका रिटायर झालेल्या माणसाने स्वतःसाठी घेतला होता आणि त्याला हात लावायची कोणाची टाप नव्हती.

नवरा नोकरीसाठी चंद्रपूरला. शनिवारी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. त्यामुळे घरात आठवडाभर आम्ही तिघंच: बाबा, आई म्हणजे माझ्या सासूबाई, आणि मी. मी सदरच्या एका कंप्युटर क्लासमध्ये शिकवायची. कॉलेजच्या मुलींना टायपिंग, हिशेब, फाइल कशी कॉपी करायची, असलं प्राथमिकच. पण सून कंप्युटर शिकवते ही गोष्ट बाबांना ठाऊक होती आणि तरी त्यांनी मला त्या खोलीत कधी बोलावलं नव्हतं. मीही आपणहून गेले नाही.

ते काय करतात हे मला आईंनी सांगितलं. आमचं घराणं विणकरांचं. बाबांचे वडील, काका, सगळे हातमागावर बसायचे, गोळीबार चौकाकडच्या जुन्या घरी. बाबा पहिले, ज्यांनी माग सोडला आणि सरकारी कचेरीत नकाशे काढायची नोकरी धरली. नोकरी संपली आणि एक दिवस त्यांना वाटलं की घराण्यातले लुगड्यांचे काठ कुठेतरी जपून ठेवले पाहिजेत. आमच्याकडचा खास काठ म्हणजे करवती. काठाच्या कडेला करवतीसारखे दाते निघतात, म्हणून ते नाव. पण दाते तरी किती प्रकारचे! बाबा नातेवाइकांकडे जायचे, नागपुरात, उमरेडला. कोणाच्या ट्रंकेतलं जुनं लुगडं मागून आणायचे, स्कॅनरच्या काचेवर काठ पसरायचे, स्कॅन करायचे आणि लुगडं घडी घालून परत नेऊन द्यायचे. फाइलींना नावं इंग्रजी अक्षरांत, पण अस्सल घरगुती: मोठ्या मावशीचा जांभळा, उमरेडचा लाल, फाटका पदर.

तो उन्हाळा लागला आणि एका दुपारी त्यांनी मला हाक मारली.

"बेटा, जरा इकडे ये बरं. हा आवाज तुले ऐकू येते का?"

मी दारातच उभी राहिले. खोलीत कूलरची घरघर होती, त्यामुळे आधी काहीच कळलं नाही. मग आला. टक्. आणि थोड्या वेळाने पुन्हा, टक्.

"कवापासून येऊन राहिला?" मी विचारलं. घाईत माझ्या तोंडून त्यांचीच बोली निघाली, आणि मी जीभ चावली. ते हसले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण जरा सैल झाला.

"आठेक दिवस झाले असतील. आन मधामधात हा बंदच होते. आपोआप."

मी खाली वाकून कंप्युटरच्या डब्याला कान लावला, आणि क्लासमध्ये बोलतात तशा ठाम आवाजात सांगून टाकलं, "बाबा, हार्ड डिस्क जायला आली असेल. टकटक आवाज येतो ना, तो तिचाच."

"जायला आली म्हणजे?"

"म्हणजे एखाद्या दिवशी सुरूच होणार नाही. आतलं सगळं जाऊ शकतं."

बाबा उठले, कंप्युटर बंद केला, त्यावर आईंनी शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर घातलं आणि बाहेर जाऊन ओसरीत बसले. रात्री जेवायलाही त्यांचं लक्ष नव्हतं. आईंनी मला स्वयंपाकघरात विचारलं, "काहून वं, काय सांगितलं तू त्याइले?"

दुसऱ्या दिवशी क्लास सुटल्यावर मी सदरमध्येच ज्याने आमचा कंप्युटर जोडून दिला होता त्याच्या दुकानात गेले. त्याने सीडी रायटर बसवायचं सुचवलं. पेनड्राइव्ह तेव्हा नुकते निघाले होते आणि त्यांत बाबांच्या चार फाइली मावल्या नसत्या. कारण कोणीतरी त्यांना सांगून ठेवलं होतं की फोटो लहान करून ठेवला की त्यातला धागा दिसत नाही. म्हणून त्यांची एकेक फाइल म्हणजे पोतं. सगळं उतरवायचं तर सीडींचा गठ्ठाच लागणार होता. मी कोऱ्या सीडींचा एक डबा घेतला, उंच, दांडीत ओवलेला, आणि ऑटोत मांडीवर धरून घरी आणला.

रायटर बसला. पहिली सीडी घातली. बाबा माझ्या मागे स्टूल घेऊन बसले. पडद्यावरची निळी पट्टी पुढे सरकायला लागली, आणि आम्ही दोघं ती अशी पाहत होतो जशी क्रिकेटची शेवटची ओव्हर. पट्टी पाऊण भरली. थांबली. इंग्रजीत एक चौकोन आला, लेखन अयशस्वी, आणि ट्रे आपोआप बाहेर आला.

"झालं?" बाबांनी विचारलं.

"नाही बाबा. बिघडली."

"मंग पुन्हा घाल ना तीच."

"ती आता कामाची नाही. एकदा लिहायला घेतली की संपली."

त्यांनी ती सीडी हातात घेतली, उजेडात तिरपी धरून पाहिली. त्यांना ते पटेना. एवढी चकचकीत, नवीकोरी वस्तू, आणि वाया गेली!

दुसरीही तशीच गेली. तिसरी पूर्ण झाली आणि आम्ही इतके खूश झालो की आईंनी चहा टाकला. चहा पिता पिता मी सहज त्यावरची एक फाइल उघडली. वरचा अर्धा काठ दिसला, खाली नुसती राखाडी पाटी. आणखी एक उघडली, ती उघडलीच नाही.

त्यानंतरचे दिवस आम्ही एकेक कारण धरून बसलो. मला वाटलं वेग जास्त आहे. मी तो कमी केला, मग आणखी कमी. वाटलं सीडी हलक्या कंपनीच्या आहेत. सदरला जाऊन महागातल्या आणल्या. मध्येच पडद्यावर मासे पोहायला लागायचे, ते स्क्रीन सेव्हर बंद केलं. व्हायरस शोधणारं सॉफ्टवेअर लिहिण्याच्या वेळी बंद ठेवलं. फाइलींची नावं लांब आहेत म्हणून लहान केली, आणि 'मोठ्या मावशीचा जांभळा' नुसता 'जांभळा' झाला तेव्हा बाबांनी मान हलवली, पण अडवलं नाही. थोड्या थोड्या फाइली लिहून पाहिल्या. कधी जमायचं, कधी नाही. सकाळी क्लासला जायच्या आधी केलेली सीडी बहुतेक चांगली निघायची. दुपारची हमखास जायची. मी म्हटलं, गरमीने होत असेल. मे महिना होता, नागपूरचा मे. टेबलावर हात ठेवला तर टेबल गरम लागायचं.

मग बाबांनी कूलरचं तोंड कंप्युटरकडे फिरवलं. माणसांना झळ, मशीनला थंड हवा. आई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मले तर कधी इतकं सांभाळलं नाही," म्हणाल्या.

त्याने तर आणखी बिघडलं. एकही सीडी धड निघेना.

वाया गेलेल्या सीडी आईंनी जमवल्या. दोन आंब्याच्या झाडाला टांगल्या, पोपट बुजावेत म्हणून. एक दुधाच्या गंजावर झाकण म्हणून ठेवून पाहिली, पण मधे भोक. बाकीच्या शेजारच्या पोरी मागून घेऊन गेल्या. बाबांना ते आवडत नसे. झाडाकडे पाहत एकदा म्हणाले, "त्याच्यात आपला उमरेडचा काठ आहे अर्धा."

उलगडा झाला तो रविवारी दुपारी. क्लासला सुट्टी होती. नवरा त्या शनिवारी आला नव्हता. मी आणि बाबा खोलीत, पट्टी अर्ध्यावर आलेली. कूलर तेव्हा बंद होता; लाइट जाऊन आल्यावर तो कोणी लावलाच नव्हता. तिकडून आईंनी येऊन कूलरचं बटन दाबलं, आधी पंखा, मग पाण्याचा पंप. छतावरची ट्यूबलाइट क्षणभर मंद झाली. टक्. आणि ट्रे बाहेर.

मी बाबांकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे.

"आई, तो पंप बंद करा बरं जरा."

"काहून वं? उकडून मारतं का आम्हाले?"

"बंद करा. आणि मी सांगितलं की पुन्हा लावा."

त्यांनी बंद केला. मी म्हटलं, लावा. ट्यूबलाइट मंद. टक्. पुन्हा बंद, पुन्हा चालू. पुन्हा टक्. या वेळी आम्ही दोघांनी नीट कान दिला होता. आवाज डब्यातून येतच नव्हता. टेबलाच्या खालून येत होता. बाबा हळूहळू गुडघ्यावर बसले, मग पार आडवे झाले आणि टेबलाखाली शिरून तिथे ठेवलेल्या यूपीएसला त्यांनी कान लावला. हा यूपीएस लाइट गेल्यावर कंप्युटर दोन मिनिटं चालू ठेवायला घेतलेला, त्यावर धुळीचा थर.

"लाव गा... लाव वं आता!" टेबलाखालून त्यांचा आवाज.

आईंनी पंप लावला.

"इथून! इथूनच होऊन राहिलं!"

कूलर आणि कंप्युटर एकाच बोर्डावर होते. कूलर चालू असला की व्होल्टेज वरखाली व्हायचं आणि पंप सुरू झाला की पडायचंच, यूपीएसला वाटायचं लाइट गेली, तो टक् करून बॅटरीवर जायचा, आणि बॅटरी तर मेलेली. मग कधी सीडी जायची, कधी कंप्युटरच बंद व्हायचा. हार्ड डिस्कला काहीही झालेलं नव्हतं.

"म्हणजे ते ठणठणीत आहे?" बाबांनी टेबलाखालूनच विचारलं.

"हो बाबा."

"आन मी जित्या माणसाचं सुतक धरून बसलो इतके दिवस!"

आणि ते हसायला लागले. टेबलाखाली आडवे पडून, अंगाला धूळ लागलेली, पोट धरून. मी त्यांना तोवर असं हसताना पाहिलं नव्हतं. आईही हसल्या, मीही. सुनेचा अंदाज चुकला याबद्दल त्यांनी मला एका शब्दाने टोकलं नाही. उलट पुढे कितीतरी वर्षं पाहुण्यांना ते ही गोष्ट सांगायचे, आणि त्यात आजार मीच शोधून काढलेला असायचा.

खरं तर आता सीडींची गरज उरली नव्हती. पण बाबा म्हणाले, "आता हात घातलाच आहे तं पूर्णच करू." यूपीएसला नवी बॅटरी आणली. कूलरची वायर स्वयंपाकघरातल्या प्लगला नेली. तरीही आम्ही लिहिताना कूलर बंदच ठेवायचो, भीती बसली होती. सकाळी लवकर काम सुरू करायचो. वेग अगदी कमी ठेवला होता, त्यामुळे एक सीडी होईपर्यंत चहा करून पिऊन व्हायचा. आणि त्या वेळात करायला काही नसे, म्हणून बाबा बोलायचे.

मला आठवतं ते हेच. निळी पट्टी सरकतेय, खिडकीतून अजून सोसवेल असं ऊन, आणि बाबा सांगताहेत. जुन्या घरात पहाटे मागाचा आवाज सुरू व्हायचा आणि सगळी गल्लीच खटखट करायची. त्यांची आई चरख्यावर सुताच्या कांड्या भरायची आणि भरता भरता डुलकी घ्यायची, पण हात थांबायचा नाही. नोकरी लागल्यावर ते सरकारी क्वार्टरमध्ये राहायला गेले, तर पहिले कितीतरी दिवस त्यांना झोपच येईना, कारण पहाटे सगळं चिडीचूप.

मी विचारलं, "माग सोडला तेव्हा वाईट वाटलं होतं, बाबा?"

त्यांनी जरा विचार केला. "नाही. तवा नाही वाटलं. महिन्याले पगार हाती येत होता, वाईट काहून वाटेल? आता वाटते."

मग पट्टी भरायची आणि ट्रे बाहेर यायचा. यशाचा ट्रेही तसाच बाहेर यायचा, त्यामुळे प्रत्येक वेळी आम्ही आधी दचकायचो. मी चारदोन फाइली उघडून तपासायची, बाबा मार्करने सीडीवर नाव लिहायचे, नकाशावर लिहायचे तशा सरळ, उभट अक्षरांत.

मी त्यांना सांगितलं की प्रत एकच करून भागत नाही, एक घराबाहेर ठेवायला हवी. ते त्यांना लगेच पटलं. दुसरा संच तयार झाला तेव्हा त्यांनी तो कापडी पिशवीत घातला आणि स्वतः बसने पारशिवनीला नेऊन माझ्या नणंदेला दिला. तिच्या घरी कंप्युटर नव्हता. "काय करू मी याचं?" तिने विचारलं. "काही करू नको. फक्त ठेव," ते म्हणाले.

ती हार्ड डिस्क पुढे बरीच वर्षं चालली. ती बिघडलीच नाही. कंप्युटरच जुना झाला, हळू झाला, आणि घरात लॅपटॉप आल्यावर नवऱ्याने तो भंगारवाल्याला दिला. मीही अडवलं नाही. सगळं सीडीवर होतंच. आमचा संच पिशवीत घालून वरच्या मजल्यावर, पत्र्याच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवला होता. बाबांनीही शेवटी शेवटी स्कॅनिंग सोडलं. डोळे साथ देईनात. एका हिवाळ्यात ते गेले. अंथरुणाला खिळून न राहता, दोन दिवसांच्या तापात.

गेल्या वर्षी उमरेडहून माझ्या चुलत दिराचा फोन आला. घराण्यात त्याचाच एक माग अजून चालतो. त्याला एका बाईंनी जुन्या पद्धतीच्या काठाची साडी विणायला सांगितली होती. काठ कसा हवा ते त्या बाईंनी वर्णन करून सांगितलं, आणि दिराला वाटलं की असा काठ त्याच्या आईच्या लुगड्याला होता. लुगडं केव्हाच विरून गेलेलं. "पण काकांनी त्याचा फोटो घेतला होता, वहिनी. मले पक्कं आठवते. पाहता का जरा?"

मी वर जाऊन कपाट उघडलं. इतके उन्हाळे त्या पत्र्याखाली काढल्यावर सीडींचा चकाकणारा मुलामा पापुद्र्यासारखा सुटला होता. पिशवी हलवली तर चांदीच्या टिकल्यांसारखा चुरा खाली पडला. बाबांची अक्षरं असलेले तुकडे माझ्या ओढणीला चिकटले. आता लॅपटॉपला सीडी घालायची जागाही नसते. तरी मी एक बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मागवला आणि त्यातल्या त्यात धड दिसणाऱ्या सीडी घालून पाहिल्या. नुसता गुरगुरत राहिला.

मग नणंदेला, ताईला, फोन केला. आमच्या संचाचा चुरा झाल्याचं सांगितलं.

"अवं, आहे ना माझ्याकडे," ती म्हणाली. "बाबा ठेव म्हणाले होते. ठेवून आहे."

मी लॅपटॉप घेऊन पारशिवनीला गेले. तिचं जुनं घर मातीच्या जाड भिंतींचं, आतली खोली भर उन्हातही गार. पिशवी तिथल्या कोनाड्यात होती, वर जुनं धोतर गुंडाळलेलं. ताईने आधी हात धुतले, मग पिशवी सोडली. पहिली सीडी घातली. ड्राइव्ह फिरला, थांबला, पुन्हा फिरला. आणि फाइली दिसल्या. एक सीडी काही केल्या उघडली नाही. बाकीच्या उघडल्या.

दिराच्या आईचा काठ शोधायला वेळ लागला, कारण मी नावं लहान करून टाकली होती. म्हणून आम्ही एकेक फाइल उघडत गेलो. ताई ओळखायची: हे काकूचं, हे आत्याचं, हे मी लहानपणी ओढून फाडलं होतं. आणि मग एक अशी फाइल उघडली जी मी तेव्हा उघडून पाहिलीच नसणार. लुगडं फार जाड घडीचं असावं, झाकण बसलं नसावं. काठ जागेवर राहावा म्हणून बाबांनी तो वरून दाबून धरला होता. स्कॅनरच्या उजेडात काठ लख्ख आला होता आणि त्याच्या कडेला त्यांची चार बोटं. बोटांपुढे आलेल्या नखांच्या कडा, पेरांवरच्या सुरकुत्या, बोटावरचा शाईचा डाग, सगळं स्पष्ट. फोटो लहान न करण्याच्या हट्टामुळे मोठं करत गेलं तरी ते फाटत नव्हतं.

ताईने पडद्यावर आपला हात ठेवला. मग तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "नखं वाढवून होते पाह्य. आई ओरडत असेल."

संध्याकाळच्या बसच्या आधी सगळं मी लॅपटॉपवर उतरवून घेतलं, आणि दिराला हवा असलेला काठही त्यात सापडला. तो मी तिथूनच पाठवला. बंद पडलेल्या सीडीत काय होतं ते आता कळणार नाही. ताई म्हणाली, "राहू दे. एवढं आलं ना."

दोनेक महिन्यांनी दिराने विणलेल्या साडीचा फोटो फोनवर आला. मी तो आईंना दाखवला. त्यांना आता कमी दिसतं. त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला, बोटांनी काठ मोठा करून पाहिला.

"कोणी घेतली?"

"पुण्याच्या एका बाईंनी."

"नेसेल ना थे? का कपाटात ठेवेल?"

मला माहीत नव्हतं. मी तिथेच दिराला फोन लावून विचारलं. तो हसला. म्हणाला, "नेसणार आहे ना वहिनी, पोरीच्या लग्नात."

आईंना सांगितलं. "मंग ठीक आहे," त्या म्हणाल्या, आणि फोन माझ्या हातात देऊन पुन्हा भाजी निवडायला लागल्या.